दुसरा दिवा

"रविवारी कीर्तनाला तू उभं राहायचंस," आई म्हणाली आणि आप्पांच्या चिपळ्या तिने माझ्या उघड्या पुस्तकावरच ठेवल्या. "हिवाळेकाकांना मी सांगून टाकलंय. पेटीवर ते बसतील."

"आई, मी कीर्तनकार नाही."

"बापाच्या मागे उभी राहून शाळा संपेपर्यंत झांज वाजवलीस. आता कॉलेजात पोरांपुढे तासतास बोलतेस. मग अडतंय कुठे?"

"पुण्यात मी चर्चलासुद्धा जात नाही."

"ते मी पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही," आई म्हणाली. "तूही सांगू नकोस. आणि आख्यान दिव्याचंच लाव. दुसरं काही नको."

आप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या स्मरणाला कीर्तन ठेवायचं मंडळीने ठरवलं होतं आणि मला वाटत होतं, संगमनेरहून कुणीतरी कीर्तनकार बोलावतील. आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तन काही नवं नाही. पूर्वरंगात शास्त्रातलं वचन घ्यायचं, उत्तररंगात गोष्ट. आप्पा मिशनच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी पांढरं धोतर नेसून, उपरणं खांद्यावर टाकून गावोगाव कीर्तनाला जायचे. भास्कर रणभिसे गुरुजींचं, म्हणजे आप्पांचं, दिव्याचं आख्यान लागलं की शेवगाव-नेवाशाकडची माणसं बैलगाड्या जुंपून यायची, असं हिवाळेकाका सांगत. बैलगाड्यांचं मला माहीत नाही, पण सायकली पुष्कळ असायच्या.

ते आख्यान मुळात एका अमेरिकन कादंबरीतलं. तिकडे शाळाकॉलेजांतून शिकवतात अशी जुनी, नावाजलेली कादंबरी. आप्पा विशीत असताना मिशनच्या हॉस्पिटलात एक अमेरिकन मिससाहेब होत्या, त्या संध्याकाळी नर्सेसना आणि मास्तरांना ती थोडी थोडी करून सांगत. उत्तरेकडच्या एका खडकाळ किनाऱ्यावर म्हातारा दीपस्तंभवाला राहतो. त्याचा एकुलता मुलगा मासेमारीच्या होडीवर जातो आणि परत येत नाही. सरकार पलीकडच्या टेकाडावर नवा दीपस्तंभ बांधतं, म्हाताऱ्याला घरी बसायला सांगतं. पण म्हातारा जुन्या मनोऱ्यावर आपला दिवा लावतच राहतो. पोरगं अंधारात याच दिव्याकडे बघून घर ओळखेल, म्हणून.

इथवर गोष्ट आली आणि मिससाहेबांची बदली झाली.

राहिलेली गोष्ट आप्पांनी स्वतः पुरी केली. हरवलेला मुलगा घरी येतो हे आमच्या लोकांना पाळण्यापासून पाठ. आप्पांनी तोच शेवट लावला. वादळ येतं, नवा दीपस्तंभ विझतो, जुना तेवढा जळत राहतो आणि मुलाची होडी त्या उजेडावर वल्ही मारत येते. 'दिवा लागला किनारी, पोर येईल माघारी' हे पद सुरू झालं की बायका डोळ्यांना पदर लावत.

एम.ए.ला असताना ती कादंबरी मला लायब्ररीत सापडली. दिवाळीच्या सुटीत मी ती घरी आणली आणि शेवटची दोन प्रकरणं आप्पांना मराठी करून वाचून दाखवली. तेव्हा सगळे होते. शमू, माझा धाकटा भाऊ शमुवेल, बोटीवर जायच्या परीक्षेची तयारी करत पलीकडच्या खोलीत पाय पसरून पडलेला होता. आप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"असं आहे होय," ते म्हणाले.

"त्या दिव्याचा अर्थच वेगळा आहे, आप्पा. रात्री पक्षी काचेवर येऊन आपटतात, मरतात. रोज सकाळी म्हातारा त्यांना पुरतो. ते तुमच्या आख्यानात नाहीच."

"मिससाहेबांनी पक्षी सांगितले होते. मी गाळले."

"का?"

"त्यांचं काय करायचं ते मला कळलं नाही." मग ते हसले. "तुमच्या कॉलेजात प्रतीक म्हणतात, तोच आमचा दृष्टांत ना?"

"नाही. दृष्टांताचा अर्थ सांगणाऱ्याच्या हातात असतो. प्रतीक हातातून सुटतं."

"मग मला दृष्टांतच बरा. माझ्या लोकांना कीर्तन संपल्यावर अंधारातून घरी जायचं असतं, सुवार्ता बेटा. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला लागतं."

पुढे दोन वर्षांनी शमू बोटीवर लागला. त्यानंतर चारेक वर्षांनी त्याची मालबोट कुठल्याशा वादळात सापडली. कंपनीचा माणूस मुंबईहून येऊन भेटून गेला. बोट नाही, माणसं नाहीत. आप्पांनी दिव्याचं आख्यान पुन्हा कधी लावलं नाही.

तेच आता आई मला लावायला सांगत होती.

कॉलेजातून रजा घेऊन मी आठवडाभर नगरला राहिले, पण घरात बसवेना. सकाळी उठून मिशनच्या कंपाउंडला फेऱ्या घालायचे, तोंडाने आख्यान जुळवायचे आणि वादळापाशी आले की थांबायचे. शुक्रवारी अशीच गेटपाशी उभी असताना जयवंत ओहोळ सायकलवरून उतरला. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा तो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

"सलाम, ताई."

"सलाम."

त्याने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "तुम्हाला तबिताबाईंनी काही सांगितलं असेल."

तबिता म्हणजे माझी वहिनी, शमूची बायको. त्याच हॉस्पिटलात नर्स. लग्नानंतर शमू जेमतेम दोनदा सुटीवर आला होता. तो गेल्यावर तिच्या भावाने तिला शेवगावला न्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. ती आमच्या घरातून हलली नाही.

"नाही सांगितलं," मी म्हणाले. "पण कंपाउंडात काय लपतं?"

"मी लग्नाचं विचारलं त्यांना. दोनदा. कागदपत्रांची काही अडचण नाही, पाळकसाहेबही हो म्हणतात. पण त्या म्हणतात, आईंनी आशा सोडली नाही तोवर मी कशी सोडू? त्यांच्यादेखत त्यांच्या मुलाला मारू का?" त्याने सायकलचं हँडल सरळ केलं. "मी थांबेन, ताई. थांबायला माझं काय जातं? पण त्यांचं वय जातंय. तुम्ही शिकलेल्या आहात. आईंशी तुम्ही बोलू शकाल."

"तुम्ही आईला ओळखत नाही."

"ओळखतो की. मागच्या वर्षी त्यांच्या मनगटाचा एक्स-रे मीच काढला. हाड मोडलेलं आणि मला सांगत होत्या, तुझं मशीन बिघडलंय."

त्या संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना झाली. आमच्याकडे जेवणाआधी रोज असते. आई मोठ्याने बोलते, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आजाऱ्यांची नावं झाली, दारुड्या शेजाऱ्याचं झालं, आणि मग ती रोज म्हणायची ते म्हणाली, "समुद्रावर असलेल्या आमच्या शमूला सांभाळ, सुखरूप घरी आण." वहिनीने खालमानेनं आमेन म्हटलं. मी डोळे उघडेच ठेवले होते. वहिनीच्या कानशिलापाशी पांढरे केस दिसायला लागले होते.

भाकरी तोडता तोडता मी ठरवलं. आईशी बोलणं मला जमणार नव्हतं, कधी जमलंही नव्हतं. पण गोष्ट सांगता येणार होती.

रविवारी चारच्या सुमाराला चर्चच्या आवारात लिंबाखाली सतरंज्या पडल्या. मी आईची पांढरी सुती साडी नेसले. आप्पांचं उपरणं आईने स्वतः माझ्या खांद्यावर टाकलं, दोन्ही टोकं सारखी केली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. वहिनी मागे चहाच्या पातेल्यांपाशी होती. जयवंत सगळ्यात शेवटी, कुंपणाला टेकून.

पूर्वरंग मी कसाबसा ओढला. हिवाळेकाका पेटीवरून हळूच म्हणाले, "पट्टी वर गेली, पोरी. खाली ये, खाली ये." पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि उत्तररंग सुरू झाला.

मग मात्र आप्पांचा आवाज माझ्या तोंडात आल्यासारखं झालं. किनारा आला, मनोरा आला, म्हाताऱ्याचं पोरगं होडीत बसून गेलं. बायका सरसावून बसल्या. मी पद उचललं आणि सगळं आवार म्हणू लागलं, 'दिवा लागला किनारी, पोर येईल माघारी.' आई डोळे मिटून टाळी देत होती. मी पदाच्या मागे कितीतरी वेळ लपून राहिले. शेवटी हिवाळेकाकांनीच पेटी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तर मंडळी," मी म्हणाले, "वादळ आलं. समुद्रात एक जहाज होतं. कप्तानाने डोळे फाडून किनारा शोधला आणि त्याला दिवे दिसले दोन. एक नव्या मनोऱ्याचा, एक म्हाताऱ्याचा. खरा कुठला? नकाशात तर एकच होता. कप्तानाने म्हाताऱ्याचा दिवा खरा धरला. आणि जहाज खडकावर गेलं."

कुणाचं तरी लहान मूल तेवढं बोलत राहिलं.

"आप्पा असं सांगत नव्हते," आई म्हणाली. मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो, आई. पण पुस्तकात असं आहे."

"जहाजावर माणसं होती?"

"होती."

"आणि म्हाताऱ्याचं पोरगं?"

"ते आलं नाही. शेवटपर्यंत आलं नाही."

मागे एका पातेल्यावर झाकण आपटलं. आईने मान वळवली नाही. "मग म्हाताऱ्याने काय केलं?"

"सकाळी किनाऱ्यावर जाऊन त्याने प्रेतं ओढून वर आणली. संध्याकाळी तो मनोऱ्यावर चढला आणि दिवा लावला नाही."

"सरकारचा माणूस आला होता सांगायला?"

"कुणीच आलं नव्हतं. तो अंधारात पायरीवर बसला. गोष्ट तिथे संपते."

"पुढे काही नाही?"

"नाही."

आई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि माणसांमधून वाट काढत आवाराबाहेर गेली. कुणीतरी म्हणालं, "गुरुजींच्या आख्यानाची माती केली." हिवाळेकाकांनी प्रसंग ओळखून दुसऱ्याच एका भजनाची चाल धरली, तबला त्यांच्यामागे धावला, आणि मी गळ्यात हार तसाच ठेवून घराकडे निघाले.

आई मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसली होती. पायांत चपला होत्याच. ऊन कलायला लागलं होतं.

"म्हातारा मीच ना?" माझी चाहूल लागताच ती म्हणाली.

मी गळ्यातला हार काढून हातात धरला.

"सांग की. अख्ख्या मंडळीदेखत सांगितलंस, आता एकटीला सांगायला काय झालं? म्हातारा मी, आणि खडकावर गेलेलं जहाज म्हणजे आमची तबी. असंच?"

"हो."

"खूप शिकलीस गं तू." तिने चपलेच्या टोकाने माती उकरली. "मला शेवट माहीत होता. तू वाचून दाखवलास त्याच रात्री आप्पांनी मला सांगितला. झोपेनात, कुशी बदलत राहिले. म्हणाले, रत्ना, त्या मिससाहेब गेल्या ते बरंच झालं."

"मग आज हेच आख्यान का लावायला सांगितलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच मूर्खासारखं विचारलं होतं.

"त्यांचं ऐकायचं होतं म्हणून. वर्ष झालं, घरात त्यांचा आवाज नाही. तू बोललीस तर थोडा येईल, असं वाटलं. आला पण. वादळापर्यंत."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. उपरण्याची टोकं मातीत गेली, ती तिने उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"शमू गेला हे मला कंपनीचा माणूस दारात आला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "त्याने बूट काढले नव्हते. ज्याला थोडं तरी चांगलं सांगायचं असतं तो माणूस बूट काढून आत येतो. आप्पा वेडे, महिनाभर पत्रं लिहीत बसले. मी नाही."

"आई, तू रोज प्रार्थनेत म्हणतेस, सुखरूप घरी आण."

"एकदा सोडलं होतं. दुसऱ्या वर्षी. वाटलं, देवापुढे तरी खोटं किती बोलायचं? नाव घेतलं नाही. तबी पानावरून उठून गेली. दोन दिवस पोरीने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. हॉस्पिटलात चक्कर येऊन पडली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा नाव घेतलं, तेव्हा जेवली." आईने हात झटकले. "आता सांग. दिवा कुणाचा? माझा?"

पुस्तकांतली प्रतीकं उलगडून दाखवायचं माझं काम. वर्गात फळ्यावर मी बाण काढते, हे म्हणजे ते. मी तिथे बसून फळा पुसत होते.

तेवढ्यात वहिनी आली. हातात माझ्या विसरलेल्या चिपळ्या होत्या, आणि धापा टाकत होती.

"आई, तुम्ही अशा निघून आलात. सुवाताई, काय हे? आजच्या दिवशी तरी..." तिने आईच्या कपाळाला हात लावून बघितला. "बी.पी.ची गोळी घेतलीत?"

"तबी, बस."

"आधी गोळी."

"बस म्हणते ना." वहिनी बसली नाही. आईने तिचं मनगट धरलं. "शमू गेला, बाळ. तो येणार नाही."

वहिनी आईकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली, हे मीच आईच्या डोक्यात भरवलंय अशा नजरेनं.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये," ती म्हणाली.

"मला ठीक वाटतंय. मला पहिल्यापासून माहीत आहे. तुला सोसवणार नाही म्हणून मी रोज त्याचं नाव घेत होते."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस तू."

"मी..." वहिनीने मनगट सोडवून घेतलं. "तुम्ही त्या दिवशी नाव घेतलं नाहीत. मला वाटलं, आता आईसुद्धा जाणार. आशा सुटली की माणूस महिनाभर काढत नाही, वॉर्डात बघते ना मी. मला घास गिळवेना तो त्यामुळे. आणि तुम्ही परत नाव घेतलंत तेव्हा मी देवाचे आभार मानले." तिचा आवाज चढत गेला. "मी तुमच्यासाठी आमेन म्हणत होते, आई! रोज! तोंडातल्या तोंडात देवाची माफी मागून आमेन म्हणत होते!"

कंपाउंडातून माणसं घरी जात होती, त्यांची बोलणी कुंपणापलीकडून ऐकू येत होती. वहिनी हसायला लागली. ते हसणं ऐकवत नव्हतं. हातातल्या चिपळ्या तिने भिंतीवर फेकल्या, एकीची झांज निसटून अंगणभर घरंगळत गेली. "इतकी वर्षं," ती म्हणत होती, "इतकी वर्षं, आई, इतकी वर्षं," आणि मग ती आईच्या पायांशी बसली आणि तिने आईच्या मांडीवर मुठी मारल्या. आईने मारू दिल्या. त्या घरात शमूसाठी कुणी मोठ्याने रडल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. थोड्या वेळाने कळलं की त्यातला एक आवाज माझा होता.

मंडळीत पुढे कितीतरी दिवस माझं नाव चांगल्या अर्थाने निघत नव्हतं. हिवाळेकाकांनी मात्र मला एस.टी. स्टँडवर सोडताना विचारलं, "त्या पुस्तकात म्हातारा शेवटी पायरीवर बसतो, तो काय विचार करतो?" मी म्हणाले, "लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही." ते म्हणाले, "मग तेवढं तरी लिहायचं ना लेकाने."

ईस्टरनंतर जयवंत आणि वहिनीचं लग्न लागलं. वहिनीचे वडील हयात नव्हते, म्हणून तिला हात धरून वेदीपर्यंत न्यायला तिचा भाऊ शेवगावहून नवा सफारी शिवून आला होता. पण दारात ती थांबली, भावाला काहीतरी म्हणाली आणि आईपुढे हात केला. माणसं वळून वळून बघायला लागली. सुनेला दुसऱ्या घरी द्यायला सासू चालत आलेली आमच्या चर्चने तोवर पाहिली नव्हती. मधल्या वाटेने दोघी सावकाश आल्या. आईचे गुडघे दुखत, म्हणून वहिनीने आपला चालायचा वेग तिच्याएवढा केला होता.

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि विधीतला प्रश्न विचारला, "या स्त्रीला विवाहासाठी कोण देत आहे?"

"मी देते," आई म्हणाली.

जयवंतने हात पुढे केला. आईने वहिनीचा हात उचलला, त्याच्या हातापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. पेटी थांबली. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं, एकदा खाकरले. वहिनीने हात ओढून घेतला नाही. ती आईकडे बघत उभी राहिली, लागेल तेवढा वेळ थांबायची तयारी असल्यासारखी.

मग आईने एकेक बोट सोडवलं.